सात सह्या : संस्था कुणाची, हे ठरवणाऱ्या कायद्याची गोष्ट



मी पेशाने होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. अशा माणसाने कायद्याच्या इतिहासावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या शास्त्रात औषध देण्याआधी रोग्याची पूर्वपीठिका सविस्तर विचारावी लागते. घरात पूर्वी कुणाला काय होते, दुखणे केव्हा सुरू झाले, कशाने वाढते, कशाने उतरते. संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावर गेली बरीच वर्षे मी आपल्या दोन-तीन जुन्या संस्थांचे कागद आणि हिशेब पाहत आलो आहे. त्यांच्या दुखण्यांकडेही मी त्याच सवयीने पाहतो. आज त्या पूर्वपीठिकेविषयी बोलायचे आहे.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करतो. आपण ज्या सभागृहात बसलो आहोत, ते कुणाचे? कुणी म्हणेल, समाजाचे. कुणी म्हणेल, ज्या अण्णांनी जागा दिली त्यांचे. कुणी म्हणेल, अध्यक्षांचे आणि कमिटीचे. यांतले एकही उत्तर पुरते बरोबर नाही. बरोबर उत्तर शोधायला आपल्या लोकांना सातशे-आठशे वर्षे लागली. ते उत्तर सापडल्यावर ते आपण अर्धेमुर्धे विसरूनही गेलो आहोत.

शापाच्या भरवशावर

बेळगावच्या किल्ल्यात कमल बसदी आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने हे जिनमंदिर बांधले आणि इ. स. १२०४ मध्ये त्याला दान दिल्याचे शिलालेख आहेत. तेव्हा या गावाचे नाव वेणुग्राम. दान शुभचंद्र भट्टारकांच्या हाती सोपवले होते. दान स्वीकारणारा असा एक गुरू असे, त्याच्यानंतर त्याचा शिष्य, मग त्याचा शिष्य. परंपरा चालू राहिली तर दान चालू राहायचे.

परंपरा तुटली तर? राजा बदलला, गुरूच्या मागे कुणी उरले नाही, तर? त्या काळच्या दानलेखांत त्यासाठी एकच उपाय सापडतो, तो म्हणजे शाप. हे दान जो हिरावून घेईल तो हजारो वर्षे किड्याच्या जन्माला जाईल, असे शेवटी कोरलेले असते. कोकणातल्या आणि देशावरच्या लेखांत तर याहून कडक शब्द आहेत. मला या शापांचे हसू येत नाही. दान देणाऱ्याला पुढचे दिसत होते. आपण मेल्यावर हे कुणीतरी गिळणार, याची त्याला खात्री होती. अडवायला दुसरे साधन नव्हते, म्हणून त्याने धर्माला साक्षी ठेवले.

आम्हा जैनांत देवद्रव्याचा नियम लहानपणापासून कानावर पडतो. मंदिरासाठी दिलेला पैसा मंदिराचा. तो उसना घ्यायचा नाही, त्यातून स्वतःचा व्यवहार करायचा नाही. हा नियम मनावर ठसला तर फार मोठा आहे. पण तो पाळणारा माणूस हवा. माणूस गेला की नियमाला वाली राहत नाही.

१८६० च्या आधीची वाचनालये

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. इंग्रजी अमलात आपल्या गावागावांत वाचनालये निघाली. रत्नागिरीत १८२८, अहमदनगरला १८३८, नाशिकला १८४०, पुण्यात आणि आपल्या बेळगावात १८४८, कोल्हापुरात १८५०. ही देवळे नव्हती, मठ नव्हते. इथे गुरू-शिष्यांची परंपरा नव्हती. गावातले काही वकील, मामलेदार, शिक्षक, व्यापारी एकत्र आले, वर्गणी काढली, वर्तमानपत्रे आणि पुस्तके मागवली. हा आपल्याकडे अगदी नवा प्रकार होता. जन्माने नव्हे, वर्गणीने सभासद व्हायचे.

पण कायद्याच्या दृष्टीने ही वाचनालये म्हणजे कुणीच नव्हती. कपाट विकत घेतले तर ते कुणाच्या नावे? जागा घेतली तर खरेदीखतावर कुणाची नावे? दोन-चार प्रतिष्ठित गृहस्थांची नावे घालायची. त्यांतला एक वारला की त्याचे मुलगे वारस. ते भले असले तर ठीक, नसले तर जागेच्या एका हिश्श्यावर दावा. कुणी पुस्तके परत केली नाहीत तर फिर्याद कुणी करायची? सगळ्या सभासदांनी मिळून? आणि उद्या कुणी संस्थेवर दावा लावला तर तो कुणाच्या घरावर येणार?

हेच दुखणे इंग्लंडमध्येही होते. तिथे १८५४ मध्ये साहित्यिक आणि शास्त्रीय संस्थांसाठी कायदा झाला. त्याच्या धर्तीवर कलकत्त्याच्या विधान परिषदेने २१ मे १८६० रोजी सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट, म्हणजे १८६० चा एकविसावा कायदा केला. तो काळ लक्षात घ्या. १८५७ चे बंड नुकतेच शमले होते. त्याच वर्षी भारतीय दंड संहिता झाली, त्याच वर्षी पहिला प्राप्तिकर आला. शिक्षेची आणि कराची तरतूद करता करता सरकारने वीस कलमांचा हा एक लहानसा कायदाही केला. त्याच्या यादीत धर्मादाय संस्था, शास्त्र, साहित्य व ललित कला, शिक्षण, वाचनालये, संग्रहालये हे सगळे होते. राजकीय शिक्षण मात्र नव्हते. ते शब्द १९२७ मध्ये घातले गेले. सरकारला एकत्र आलेल्या नेटिवांची भीती होतीच. पण पुस्तकांसाठी एकत्र आलेल्यांना तिने दार उघडून दिले.

सात माणसे आणि पन्नास रुपये

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण आजही आपल्या संस्था याच चौकटीवर उभ्या आहेत.

कोणत्याही सात किंवा अधिक माणसांनी एका कागदावर सह्या करायच्या. त्या कागदावर संस्थेचे नाव, तिचा उद्देश आणि कारभार पाहणाऱ्यांची नावे, पत्ते, व्यवसाय. सोबत नियमावलीची प्रत. ती खरी असल्याचे कारभारी मंडळातल्या तिघांनी प्रमाणित करायचे. फी जास्तीत जास्त पन्नास रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, पण गावाने मिळून काढण्याजोगी होती.

एवढे केले की पुढच्या गोष्टी आपोआप येतात. मालमत्ता विश्वस्तांच्या नावे नसेल तर ती कारभारी मंडळाकडे आहे असे कायदा मानतो. त्या मंडळात आज कोण आहे, उद्या कोण असेल, याला महत्त्व नाही. दावा अध्यक्षाच्या किंवा मुख्य चिटणिसाच्या नावे लावता येतो आणि तो माणूस वारला तरी दावा पडत नाही. संस्थेविरुद्ध हुकूमनामा झाला तर तो संस्थेच्या मालमत्तेवर बजावायचा, चिटणिसाच्या घरावर नाही. संस्थेच्या पैशाला हात लावणारा सभासद परक्या चोरासारखाच शिक्षेला पात्र. 'मी सभासद आहे, माझाही त्यात वाटा आहे,' हा बचाव चालत नाही.

सर्वांत महत्त्वाचे चौदावे कलम. संस्था मोडली, देणी भागवली आणि काही उरले, तर ते सभासदांनी वाटून घ्यायचे नाही. तशाच दुसऱ्या एखाद्या संस्थेला द्यायचे. वेणुग्रामच्या दात्याला जे शापाने साधायचे होते, ते इथे एका वाक्यात आले. फरक एवढाच की शापाची अंमलबजावणी पुढच्या जन्मी होते आणि या कलमाची याच जन्मी, दिवाणी न्यायालयात.

जुन्या संस्थांसाठीही दार होते. आधीपासून चालू असलेल्या संस्थेतल्या तीन पंचमांश सभासदांनी संमती दिली तर तीही नोंदवता येई. पण यातले काहीच कुणावर सक्तीचे नव्हते. ज्याला पुढचे दिसत होते, त्याने नोंदणी केली.

एकाच मंडळींचे दोन उद्योग

याचा धडा पुण्याने दिला आणि तो फार बोलका आहे. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. टिळक, आगरकर, नामजोशी, आपटे ही मंडळी त्यांच्याभोवती जमली. दुसऱ्या वर्षी त्यांनीच 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे काढली. १८८२ च्या मार्चमध्ये विष्णुशास्त्री वारले, अवघे एकतीस वर्षांचे. शाळेला अडीच वर्षेही पुरी झाली नव्हती आणि तिचा मूळ पुरुष गेला होता.

मागे राहिलेल्यांनी शाळेसाठी २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी १३ ऑगस्टला १८६० च्या कायद्याखाली तिची नोंदणी केली. पत्रे मात्र खासगी राहिली. पुढे मतभेद झाले. आजीव सभासदांनी बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, वेळ कुणाला द्यावा, समाजसुधारणा आधी की राजकारण आधी. १८९० च्या अखेरीस टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. पत्रे त्यांच्याकडे आली, कर्जासकट.

आता पाहा. माणसे तीच, भांडण तेच. सोसायटीतून टिळकांसारखा माणूस बाहेर पडला, पण फर्ग्युसन कॉलेजाची एक वीट हलली नाही. त्यांना हिस्सा मागता आला नाही, कारण हिस्साच नव्हता. १८९५ मध्ये आगरकर गेले, पुढे गोखले निवृत्त झाले, कॉलेज चालू राहिले. पत्रांचे मात्र मालकी, कर्ज, जामीन, सगळे एका माणसाच्या खांद्यावर आले. टिळक होते म्हणून ते निभावले. दुसरा कुणी असता तर 'केसरी' आज आपल्याला ग्रंथालयाच्या माळ्यावर शोधावा लागला असता. पुढे त्या पत्रांसाठीही विश्वस्त संस्थाच करावी लागली.

सभासदांची वही

पण नोंदणी हे सर्व रोगांवरचे औषध नाही, हेही पुण्यानेच दाखवले. सार्वजनिक सभेचे उदाहरण घेतो. २ एप्रिल १८७० रोजी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने ही सभा स्थापन झाली. तिच्या मुळाशी पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारी होत्या. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न : देवाच्या पैशाचा हिशेब कुणी कुणाला द्यायचा? तेव्हा सभेने एक विलक्षण नियम केला. सभासद व्हायचे तर पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सुरुवातीला पंचाण्णव सभासद सहा हजार लोकांच्या वतीने बसत होते. या देशात निवडणुका नव्हत्या तेव्हाची ही गोष्ट आहे.

पंचवीस वर्षांनी, १८९५ मध्ये, त्याच सभेत टिळकांच्या बाजूच्या लोकांनी बहुमत मिळवले आणि न्यायमूर्ती रानडे व गोखले यांची मंडळी बाजूला पडली. त्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा वेगळी काढली. यात कोण बरोबर होते यावर इतिहासकार आजही वाद घालतात. आपल्या विषयापुरते एवढेच की संस्था कुणाची, याचे उत्तर शेवटी सभासदांच्या वहीत असते. वहीत ज्यांची नावे, त्यांची संस्था. नावे वाढवली तर संस्था वाढते, दुसऱ्या बाजूने वाढवली तर हातची जाते आणि कुणीच वाढवली नाहीत तर वहीबरोबर मरते.

१८६० च्या कायद्याने सभासदाची व्याख्याही केली आहे. ज्याला नियमाप्रमाणे प्रवेश मिळाला, ज्याने वर्गणी भरली किंवा वहीवर सही केली, तो सभासद. तीन महिन्यांहून अधिक वर्गणी थकली तर त्याला मत नाही. पिढ्यान् पिढ्या 'आमच्या आजोबांनी ही संस्था काढली' म्हणणाऱ्या घरांसाठी ही व्याख्या कडू आहे. आजोबांच्या नावावर मत मिळत नाही.

कायद्याच्या हद्दीबाहेर

आपण सीमाभागातले, आणि आपले नातेवाईक इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद आणि गोव्यात विखुरलेले. म्हणून एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. १८६० चा कायदा इंग्रजांच्या मुलखाचा. संस्थानांत तो आपसूक लागू नव्हता.

बडोद्यात १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली. सहकाराचा पहिला कायदा देशात १९०४ मध्ये आला. ही मंडळी त्याच्या पंधरा वर्षे आधीची. तिच्या पाठीशी कायदा नव्हता, एकमेकांवरचा विश्वास आणि दरबाराची मर्जी होती. इंदुरात १९१५ मध्ये महाराष्ट्र साहित्य सभा निघाली, तीही होळकरांच्या राज्यात. दरबार मराठी, राजा मराठी, म्हणून तिथे नोंदणीची निकड वाटली नाही. राजाश्रय हीच नोंदणी. हैदराबादेत उलट परिस्थिती होती. निजामाच्या राज्यात सभा घ्यायलाही परवानगी लागे. तरीही १९२२ मध्ये तिथे मराठी ग्रंथ संग्रहालय उभे राहिले. पुढे १३५० फसलीत, म्हणजे १९४०-४१ च्या सुमारास, हैदराबाद संस्थानाने सार्वजनिक संस्थांच्या नोंदणीचा स्वतःचा कायदा केला.

गोव्यात आणखी वेगळी रीत. तिथल्या देवळांचा कारभार माजनीकडे, म्हणजे महाजनांच्या मंडळाकडे. पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये आणि पुन्हा १९३३ मध्ये त्यासाठी नियम केले. महाजन जन्माने होतो, वर्गणीने होत नाही. देवळापुरते ते समजण्याजोगे आहे; परक्या राजवटीत जन्माच्या त्या भिंतीनेच देवस्थाने टिकवली. पण १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना मोकळीक मिळाली आणि मराठी शाळा, वाचनालये निघू लागली. तेव्हा महाजनकीची रीत पुरेना. तिथे सर्वांसाठी उघडी वही लागली. गोवा मुक्त झाल्यावर १८६० चा कायदा तिथेही आला.

या सगळ्या ठिकाणी राजे गेले, संस्थाने विलीन झाली, भाषावार प्रांत झाले. दरबाराच्या मर्जीवर उभ्या असलेल्या संस्थांना मग घाईने कागद जुळवावे लागले. आज मध्य प्रदेशात १९७३ चा, कर्नाटकात १९६० चा, तेलंगणात मूळ आंध्र प्रदेशाचा २००१ चा कायदा आहे. गुजरातेत आणि गोव्यात मूळ १८६० चाच. सर्वांचे मूळ एकच आणि सातांची अट सगळीकडे कायम.

आपल्या भागातली दोन उदाहरणे

निपाणीजवळ स्तवनिधी हे क्षेत्र आहे. तिथे १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली; आज ती दक्षिण भारत जैन सभा म्हणून ओळखली जाते. अण्णासाहेब लठ्ठे हे तिच्या आरंभीच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले, १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. जैनांना मठ होते, भट्टारक होते, दान होते. तरीही शिकलेल्या तरुणांना सभा काढावीशी वाटली, कारण मुलांच्या बोर्डिंगसाठी, मुलींच्या शिक्षणासाठी मठाकडे वही नव्हती. सभेत शेतकरीही वर्गणीने सभासद होऊ शकत होता आणि अधिवेशनात उठून हिशेब विचारू शकत होता. मराठी आणि कानडी बोलणारे दोघेही तिथे एकत्र बसत, हेही आज मुद्दाम सांगण्याजोगे.

त्याच समाजातले कुंभोजचे भाऊराव पाटील. त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढची वर्षे त्यांनी ती दारोदार फिरून, प्रसंगी घरातले दागिने मोडून चालवली. १९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्या दिवसापासून कर्मवीरांचा प्रभाव कमी झाला असे नाही. पण संस्था त्यांच्या घराची राहिली नाही, रयतेची झाली. १९५९ मध्ये कर्मवीर गेले. त्यांच्या शाळा-कॉलेजांत आजही मुले शिकतात. हे नुसत्या पुण्याईने होत नाही.

१९५० नंतर

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५० मध्ये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा केला आणि धर्मादाय आयुक्ताची कचेरी आली. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे तेव्हा मुंबई राज्यात होते, म्हणून हा कायदा आपल्यालाही लागू होता. आता मंदिरे, मठ, वाचनालये, सोसायट्या सर्वांना हिशेब सादर करणे आले. काहींना हा धर्मात हात घालण्याचा प्रकार वाटला. एका जैन मंदिराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५४ च्या निकालात न्यायालयाने दोन्ही बाजूंना आपापली जागा दाखवली. हिशेब मागणे, नोंदणी करणे, त्यासाठी फी घेणे सरकारला योग्य आहे; पण धार्मिक संस्थेचा विश्वस्त म्हणून खुद्द आयुक्ताला बसवणे किंवा मूळ उद्देश चालू शकत असताना पैसा दुसरीकडे वळवणे योग्य नाही. संस्थेचा उद्देश तिचा, हिशेब सर्वांचा, असा त्याचा अर्थ.

१ नोव्हेंबर १९५६ ला आपले जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. त्या घटनेवर इथे पुष्कळ बोलले गेले आहे. मी फक्त कागदापुरते बोलतो. मुंबईच्या कायद्याखाली, मराठीत लिहिलेल्या घटना असलेल्या संस्था एका रात्रीत दुसऱ्या राज्याच्या निबंधकाखाली आल्या. ज्यांचे कागद चोख होते, त्यांना त्रास झाला तरी धक्का लागला नाही. कागद बोलतात तेव्हा भाषेचा अडसर कमी होतो. कागद नसले की माणसाला बोलावे लागते आणि मग तो कोणत्या भाषेत बोलतो याला महत्त्व येते.

एक गोष्ट वकील मंडळींना ठाऊक असते, इतरांना नसते. नोंदणीकृत सोसायटी ही कंपनीसारखी पूर्ण अर्थाने कायदेशीर व्यक्ती नव्हे. हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हे स्पष्ट केले. सरकारने कायदा करून त्या कॉलेजचा कारभार नव्या मंडळाकडे दिला होता आणि तो कायदा न्यायालयाने वैध ठरवला. पूर्ण कायदेशीर व्यक्ती हवी असेल तर ना-नफा कंपनी काढावी लागते. १९५६ च्या कंपनी कायद्यात ते पंचविसावे कलम होते, २०१३ च्या कायद्यात आठवे आहे. तिथे शिस्त अधिक, खर्चही अधिक. आपल्यासारख्या वाचनालयाला, व्याख्यानमालेला सोसायटी पुरते. पण सोसायटीचे बळ शिक्क्यात नसते, तिच्या जागत्या सभासदांत असते, एवढे या निकालावरून घ्यावे.

आज काय करायचे

नवी संस्था काढणाऱ्या तरुणांना मी तीन गोष्टी सांगतो. सात जणांत एकाच घरातले दोघे नकोत, असा नियम कायद्यात नसला तरी स्वतःला घालून घ्या. उद्देश लिहिताना आज काय करणार एवढेच लिहू नका. वाचनालयाबरोबर व्याख्याने, शिष्यवृत्ती, प्रकाशन हेही लिहा, कारण उद्देश बदलायला पुढे दोन-दोन सभा आणि मोठे बहुमत लागते. आणि कार्यकारी मंडळाची मुदत, निवडणूक, गणपूर्ती, खात्यावर दोघांच्या सह्या हे नियमावलीत स्पष्ट लिहा. प्रेमाने चाललेल्या काळात ही कलमे निरर्थक वाटतात. पण ती लिहायची वेळ तीच असते. भांडण सुरू झाल्यावर कुणी लिहू देत नाही.

जुन्या संस्थांचे दुखणे वेगळे. मी पाहिलेल्या कागदांवरून सांगतो, नावे घेत नाही. एका ठिकाणी सभासदांच्या वहीत शंभरावर नावे होती, त्यांतले निम्म्याहून अधिक कैलासवासी. दुसऱ्या ठिकाणी कार्यकारी मंडळाची यादी निबंधकाकडे कित्येक वर्षांत गेली नव्हती, कारण दर वर्षी तेच मंडळ, मग पाठवायचे काय, असा समज. १८६० च्या कायद्यानेच दर वर्षी वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत ही यादी पाठवायला सांगितले आहे आणि राज्यांच्या कायद्यांनी त्यात हिशेबही जोडले. यादी गेली नाही की कायद्याच्या नजरेत कारभारी कोण हेच धूसर होते. मग एखादा तक्रारदार, मग चौकशी, आणि कर्नाटकात तर प्रसंगी सरकारने नेमलेला प्रशासक. आणि त्या वाचनालयाची जागा आता भर बाजारपेठेत असते. पन्नास वर्षांपूर्वी तिच्याकडे कुणी पाहत नव्हते, आता सगळे पाहतात.

बंधुभगिनींनो, आपली मराठी घरे इथे तीन-चार पिढ्यांपासून, काही तर त्याहून आधीपासून आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी गेली. मागे राहिलेल्यांत आपण वयस्कर. नव्या माणसाला सभासद करून घेताना आपण बिचकतो. तो आपला आहे का, त्याला आपली भाषा नीट येते का, उद्या तो बहुमत करील का, अशा शंका येतात. १८९५ च्या पुण्याची आठवण मीच आत्ता करून दिली, तेव्हा ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण वही उघडी ठेवून हातची गेलेली संस्था निदान कुणाच्या तरी हाती चालू राहते. वही मिटून ठेवलेली संस्था कुणाच्याच हाती राहत नाही. तिच्या शेवटच्या चार सभासदांपुढे मग चौदावे कलम वाचायची वेळ येते.

म्हणून या वर्षाच्या वार्षिक सभेपुढे तीन ठराव यावेत अशी माझी विनंती आहे. मूळ घटना आणि नियमावली छापून प्रत्येक सभासदाच्या घरी द्यावी. ती वाचलेली माणसे आपल्यात थोडी आहेत. सभासदांची वही तपासून दिवंगतांची नावे आदराने वेगळ्या पानावर घ्यावीत. आणि पुढच्या मार्चअखेर चाळीस वर्षांखालचे किमान पंचवीस नवे सभासद करावेत, त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. पन्नास सह्यांची अट मी घालत नाही. वर्गणी आणि एक सही पुरे.

सुरुवातीला विचारले होते, हे सभागृह कुणाचे? १८६० पासूनचे उत्तर असे आहे : वहीत आज ज्यांची नावे आहेत त्यांच्या ताब्यात, उद्या ज्यांची नावे येतील त्यांच्यासाठी, आणि मालकीने कुणाचेच नाही. नव्या सभासदांचे अर्ज खजिनदारांच्या टेबलावर ठेवले आहेत. जाताना एकेक घेऊन जावा आणि घरातल्या सुनेला, मुलाला, शेजारच्या शिक्षकाला द्यावा.